डोळ्यांत पाणी आलं नाही तर

(शताब्दी सोहळ्यात, काल्याच्या आदल्या दिवशी सायंकाळी मंडपात केलेल्या भाषणाचा मजकूर)





आपल्या दिंडीला यंदा शंभर वर्षं झाली. पहिली वीणा कुणाच्या गळ्यात होती, पहिल्या वारीला किती माणसं होती, हे सगळं सकाळच्या वक्त्यांनी सांगितलं आहे. आम्हाला विषय दिला आहे कीर्तनातला रस. म्हणजे कीर्तन ऐकताना गोड का वाटतं, अंगावर काटा का येतो, डोळ्यांत पाणी का येतं. आमचं शिक्षण चौथीपर्यंत. हातात रुमणं, नाहीतर टाळ. पण चाळीस वर्षं कीर्तनाला उभे राहतो आहोत आणि त्या जागेवरून हजारो माणसांचे चेहरे बघितले आहेत. त्या अनुभवावर बोलू.

शास्त्राचं जे काही सांगू ते एका डॉक्टर मुलीकडून ऐकलेलं आहे. आपल्याच दिंडीतल्या एका टाळकऱ्याची ती लेक. मेंदूच्या आजारांवर उपचार करते. सहा वर्षांपूर्वी ती आठ मुक्काम आपल्याबरोबर चालली. दिवसभर वारकऱ्यांच्या पायांना पट्ट्या बांधायची आणि रात्री तंबूत आमच्या शंकांना उत्तरं द्यायची. तिनं सांगितलं ते आम्ही वहीत उतरून घेतलं, साल आणि गावासकट. ती वही आज हातात आहे. आणि त्याच वहीमुळं एक जुनी चूक आम्हाला कळली, ती शेवटी तुमच्यासमोर कबूल करायची आहे.

आधी काट्याचं बघू. माउलींच्या तळावर समाज आरतीला तुम्ही सगळे उभे राहिलेले आहात. हजारो टाळ चाललेले असतात. शेजारचा काय बोलतो ते ऐकू येत नाही. आणि चोपदार चोप वर करतात. एका क्षणात सगळं शांत. एवढा मोठा तळ, पण एक टाळ वाजत नाही. त्या वेळी तुमच्या हाताकडं बघा. केस उभे राहिलेले असतात. अजून आरतीचा एक शब्दही झालेला नसतो, तरी काटा आलेला असतो.

आपल्या शास्त्रात याला रोमांच म्हणतात. अष्टसात्त्विक भाव आपण कीर्तनात नेहमी सांगतो. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. ज्ञानेश्वरीच्या अकराव्या अध्यायात अर्जुनाला विश्वरूप दिसलं तेव्हा त्याच्या शरीराची काय अवस्था झाली, ते माउलींनी उलगडून सांगितलं आहे. त्या अध्यायात शांत आणि अद्भुत हे दोन रस एकत्र आल्याचंही तेच सांगतात. म्हणजे रस मनात येतो आणि त्याची खूण अंगावर उमटते, हे आपल्याला नवं नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात हे आठही भाव आलेले आहेत. रस कसा तयार होतो हे सांगताना भरतमुनींनी दृष्टांत दिला तो स्वयंपाकाचा. मीठ-मसाला, भाजी, गूळ वेगवेगळे असतात. एकत्र शिजले की एक चव तयार होते, आणि जेवणारा ती चव घेतो. तसं गाणं, शब्द, अभिनय एकत्र येतात आणि ऐकणाऱ्याला रस मिळतो.

आम्ही त्या मुलीला विचारलं, बाळ, तुमच्या शास्त्रात काटा म्हणजे काय?

ती म्हणाली, "काका, प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारीक स्नायू असतो. तो आखडला की केस उभा राहतो. थंडीत आखडतो, भीतीनं आखडतो. कुत्रं अंगावर आलं की मांजर फुगतं बघा, तेच."

आम्ही म्हटलं, "पण कीर्तनात थंडी पण नाही आणि कुत्रं पण नाही. तिथं का फुगायचं?"

ती हसली. म्हणाली, हाच प्रश्न शास्त्रज्ञांना पडला. मग तिनं कॅनडातल्या माँट्रियल शहराची गोष्ट सांगितली. तिथं 2001 साली ॲन ब्लड आणि रॉबर्ट झाटोरे या दोन शास्त्रज्ञांनी दहा माणसं घेतली. सगळी गाणं-वाजवणं शिकलेली. प्रत्येकाला सांगितलं, तुला ज्यानं हमखास काटा येतो ते तुझं संगीत घेऊन ये. मेंदूत रक्त कुठं जास्त धावतं हे दाखवणाऱ्या यंत्रात त्यांना झोपवलं आणि ते संगीत ऐकवलं. काटा आला तेव्हा मेंदूच्या ज्या जागा जाग्या झाल्या, त्या भुकेल्याला अन्न मिळाल्यावर जाग्या होतात त्याच होत्या. म्हणजे गाणं पोट भरत नाही, पण मेंदू त्याला भाकरीच्या पंगतीला बसवतो. आणि ऐका, एकाचं आवडतं संगीत दुसऱ्याला ऐकवलं, तर त्याला काही काटा आला नाही. ज्याची त्याची चावी वेगळी.

हे ऐकून आम्हाला पहिला धक्का बसला. आम्हाला वाटायचं, चाल गोड असली की सगळ्यांना गोडच लागणार. पण इथं त्या माणसाचं आयुष्य मध्ये येतं. लहानपणी काकड्याला आजीच्या मांडीवर जे ऐकलं ते साठाव्या वर्षी ऐकलं तर डोळे भरतात. शेजारी बसलेल्या पाहुण्याला त्याचं काही नसतं. त्याची आजी वेगळी.

पुढं 2011 साली त्याच शहरात आणखी एक प्रयोग झाला. मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन असतं. रसायन या शब्दातच रस आहे, हे विसरू नका. गाण्यातला सगळ्यात गोड क्षण आला की एका जागी ते सुटतं. पण त्या क्षणाच्या काही सेकंद आधीच ते दुसऱ्या एका जागी सुटायला लागलेलं असतं. म्हणजे आता येणार, आता येणार, या वाट बघण्यातच अर्धा आनंद असतो.

मंडळी, हे शास्त्रज्ञांना 2011 साली सापडलं. कीर्तनकाराला ते हाताला माहीत असतं. धृपद घ्यायचं, टाळकऱ्यांना ते पुन्हा पुन्हा म्हणू द्यायचं. श्रोत्याच्या मनात ते घट्ट बसलं की चरण घ्यायचा. चरण लांबवायचा, शब्द खेचायचा, मृदंग थोपवायचा. श्रोत्याला कळतं की आता समेवर येणार, धृपदावर येणार. पण आपण येत नाही. थांबतो. आणि मृदंगमण्याची थाप आणि टाळ एकदम पडले की अख्खा मंडप "विठ्ठल" म्हणून उसळतो. चोपदाराच्या चोपाखाली आलेली शांतता हेच काम करते. पाऊस पडण्याआधी वारा पडतो ना, तसं.

धृपद पुन्हा पुन्हा म्हणण्यातही गुण आहे. अमेरिकेत डायना डॉइच नावाच्या बाई आहेत. 1995 साली त्या स्वतःच्याच भाषणाची टेप तपासत होत्या. एक साधं बोललेलं वाक्य चुकून पुन्हा पुन्हा वाजत राहिलं. थोड्या वेळानं त्यांना ते वाक्य कुणीतरी गात असल्यासारखं वाटायला लागलं. टेप तीच, आवाज तोच. नुसत्या पुन्हा पुन्हा ऐकण्यानं बोलण्याचं गाणं झालं. नामाचा गजर करताना हेच होतं. पहिली दहा वेळा माणूस नाव उच्चारतो, आणि पुढं कधी ते नाव गायला लागतो हे त्यालाच कळत नाही.

आता नुसतं ऐकण्याचं सोडा आणि मिळून म्हणण्याचं बघा. सकाळी पाय सुजलेला, फोड आलेला म्हातारा वारकरी दुपारी भजनात पावल्या खेळतो. आपण म्हणतो माउलींची कृपा. कृपा आहेच. पण ती शरीरात कुठल्या वाटेनं येते? स्वीडनमध्ये 2013 साली अठरा वर्षांच्या पोरापोरींकडून एकत्र गाऊन घेतलं आणि त्यांच्या छातीचे ठोके मोजले. एका लयीत गाताना सगळे एकाच वेळी श्वास घेतात, एकाच वेळी सोडतात. श्वास घेताना ठोके थोडे वाढतात, सोडताना कमी होतात. त्यामुळं सगळ्यांचे ठोके मिळून वाढत होते, मिळून कमी होत होते. हरिपाठाला दोन ओळींत समोरासमोर उभं राहून आपण दुसरं काय करतो? आणि 2012 साली इंग्लंडातल्या ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की गायल्यावर, नाचल्यावर, वाजवल्यावर माणसाची दुखणं सोसायची ताकद वाढलेली असते. शरीर स्वतःच वेदनेवरचं औषध तयार करतं, असा त्यांचा अंदाज. पण नुसतं बसून संगीत ऐकणाऱ्यांत तशी वाढ दिसली नाही. म्हणून आमचं तरुण मंडळींना सांगणं आहे की मोबाईलवर भजन लावून चालू नका. स्वतः म्हणा. तुमचा आवाज बेसूर असला तरी पायाला ते कळत नाही.

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता कडू सांगतो.

आपल्या दिंडीत एक गृहस्थ होते. नाव घेत नाही, त्यांना आयुष्यभर पुढं पुढं करायला आवडलं नाही. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. आमच्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठे. तीस वर्षं वारी केली. टँकर नव्हते तेव्हा विहिरीवरून घागरी आणून अख्ख्या दिंडीला पाणी पाजायचे. टँकर आले तेव्हा टँकरच्या नळाशी उभे राहायचे. कुणाचं पोर हरवलं, कुणाला रात्री ताप भरला, की पहिली हाक दादांना. टाळही धरायचे. आणि ठेका असा पक्का की नव्या पोरांना आम्ही सांगायचो, गोंधळलात तर दादांच्या हाताकडं बघा.

पण दादांचा चेहरा कधी हलायचा नाही. कीर्तन रंगात आलं, माणसं रडायला लागली, कुणी कुणाच्या पाया पडायला लागलं, तरी दादा आपले टाळ वाजवतायत. बांधावर बसून पाऊस कधी येतो ते बघणाऱ्या माणसासारखे.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या काळात आमचं नाव होत होतं. बुवांच्या कीर्तनात लोक रडतात, अशी ख्याती झाली होती, आणि खरं सांगायचं तर ती आम्हाला चढली होती. एका मुक्कामी आम्ही अष्टसात्त्विक भावावर बोललो. आमच्या गुरूंनी आम्हाला शिकवलं होतं की जुन्या शास्त्रकारांनी ज्याच्यात रसाची वासना नाही त्या प्रेक्षकाला लाकूड, भिंत आणि दगड म्हटलं आहे. ते आम्ही उचललं. भर कीर्तनात म्हणालो, "नामाच्या गजरात ज्याच्या डोळ्यांत पाणी येत नाही, तो वारीला आला काय आणि न आला काय, तो दगड." आणि म्हणताना मागं वळून दादांकडं बघितलं. श्रोते हसले. दादांच्या हातातला टाळ चुकला नाही.

रात्री पंगत उठल्यावर दादा तंबूत आले. बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "बुवा, मला कायबी हुत न्हाई. तुमी लई चांगलं गाता, ते मला कळतंय. पर आत कायबी हुत न्हाई. लहानपणापासनं न्हाई. मी चालू का नको चालू?"

तीस वर्षं चाललेला माणूस आम्हाला विचारत होता, मी चालू का नको. आणि आम्ही काय उत्तर दिलं? म्हणालो, "दादा, मागच्या जन्मीचं काही आड येत असेल. नाम वाढवा, आपोआप पाझर फुटेल."

त्यांनी नमस्कार केला आणि गेले. वारी सोडली नाही. पण त्या रात्रीनंतर ते कीर्तनाला बसले नाहीत. कीर्तन सुरू झालं की मंडपाबाहेर टँकरपाशी जायचे आणि सकाळसाठी भांडी भरून ठेवायचे. टाळ दुसऱ्याला दिला. आठ-नऊ वर्षं असंच चाललं. आम्ही आतून बघत होतो. एकदाही बोलावलं नाही. मग त्यांचे पाय थकले, वारी थांबली आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत ते गेले.

डॉक्टर मुलगी दिंडीत आली तेव्हा दादांना जाऊन दोन वर्षं झाली होती. एका रात्री बोलता बोलता आम्ही तिला सहज विचारलं, "बाळ, ज्याला गाणं ऐकून काहीच होत नाही असा माणूस असतो का?"

ती म्हणाली, "असतो काका. शंभरात तीन ते पाच माणसं तशी असतात."

स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात 2014 साली अशा माणसांची पारख झाली. ती बहिरी नव्हती. सूर कळत होता, ताल कळत होता. हे गाणं दुःखाचं, हे आनंदाचं, हे बरोबर ओळखत होती. उदास माणसं नव्हती. पैसे जिंकायच्या खेळात त्यांची छाती इतरांसारखीच धडधडत होती. फक्त गाणं लावलं की छातीचा ठोका हलत नव्हता, हाताला घाम येत नव्हता. दोन वर्षांनी, 2016 साली, अशांचे मेंदू यंत्रात बघितले. ऐकण्याची जागा चांगली होती. आनंद होण्याची जागाही चांगली होती. या दोन जागांनी एकमेकींशी जेवढं बोलायला पाहिजे तेवढं त्या बोलत नव्हत्या.

आम्ही म्हटलं, म्हणजे विहिरीला पाणी आहे, वाफ्यातली माती कसदार आहे, पण मधला पाट अरुंद आहे.

ती म्हणाली, "अगदी तसंच. आणि पाट अरुंद असणं हा त्या माणसाचा गुन्हा नाही."

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. दादांना हेच होतं असं आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. त्यांची कुणी तपासणी केली नव्हती. पण त्यांनी तंबूत उभं राहून जे सांगितलं ते आणि त्या मुलीनं जे सांगितलं ते शब्दाला शब्द जुळत होतं. तुम्ही चांगलं गाता ते कळतंय, पर आत कायबी हुत न्हाई. आणि आम्ही त्याला मागच्या जन्मीचं पाप म्हटलं होतं.

मग आठवायला लागलं. फलटणच्या अलीकडं एका सकाळी आम्ही आणि दादा बरोबर चालत होतो. त्या वर्षी पाऊस वेळेवर झाला होता. रस्त्याच्या कडेला बाजरी उगवून चार पानांवर आली होती. तिफणीनं पेरलेलं रान, आणि तास असे सरळ की या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकापर्यंत नजर अडत नव्हती. दादा थांबले. दिंडी पुढं चालली, तरी हलेनात. म्हणाले, "बुवा, काय हात असंल ओ ह्या गड्याचा." आणि उपरण्यानं डोळे पुसले. आम्हाला वाटलं, धूळ गेली असेल.

आता तुम्हीच सांगा, तो माणूस दगड होता? रस त्याला होता. त्याचा पाट कानाकडून येत नव्हता, डोळ्याकडून येत होता. आम्ही एकाच पाटावर पहारा करत बसलो आणि म्हणालो, पाणी नाही. अरणच्या सावता महाराजांना मळ्यात देव भेटला, हे आम्ही प्रत्येक कीर्तनात सांगतो. आणि मळ्यात थांबून डोळे पुसणारा माणूस शेजारी उभा असताना तो आम्हाला दिसला नाही.

आणि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आमच्या कीर्तनात जे रडत होते, ते सगळे भक्तीनं रडत होते का? मघाशी तुम्हाला सांगितलं, चरण कसा लांबवायचा, मृदंग कुठं थोपवायचा. त्यातलं अर्धं पाणी आमच्या कसबाचं होतं. चांगला कसबी गडी तमाशाच्या फडावर, सिनेमाच्या पडद्यावर हेच पाणी काढतो. काश्मीरमध्ये हजार वर्षांपूर्वी अभिनवगुप्त नावाचे मोठे आचार्य होऊन गेले. रस घेऊ शकणाऱ्या माणसाला ते सहृदय म्हणतात. शब्द सुंदर आहे. पण गाणं ऐकून गहिवरणारा आणि उठून दुसऱ्याला पाणी देणारा, या दोघांत सहृदय कोण, हा प्रश्न कलेच्या शास्त्रापुरता सोडून चालणार नाही. निदान वारीत तरी नाही. आमच्या कीर्तनात ढसाढसा रडून मंडपाबाहेर पडल्यावर पाण्याच्या रांगेत म्हातारीला ढकलणारी माणसं आम्ही बघितली आहेत. नळाशी दादा उभे असायचे. ते त्या म्हातारीला पुढं घ्यायचे.

कुणी विचारेल, मग काय बुवा, कीर्तनातला काटा आणि डोळ्यातलं पाणी खोटं? तर नाही. अजिबात नाही. ती देवाची देणगी आहे. ज्याला मिळाली त्यानं ती जपावी. तिच्यामुळं पंधरा-वीस दिवस माणूस पायी चालतो, अनोळखी माणसाला माउली म्हणतो. मेंदूतलं रसायन सापडलं म्हणून भक्ती लहान होत नाही. पाट कुठून जातो हे कळलं म्हणून पाणी खोटं ठरत नाही. त्या मुलीलाही आम्ही विचारलं होतं, तुमच्या यंत्रात विठ्ठल दिसतो का. ती म्हणाली, "काका, यंत्रात रक्त कुठं धावलं तेवढं दिसतं. ते कशासाठी धावलं, ते माणसालाच विचारावं लागतं." आम्हाला हे उत्तर पटलं. आमचं म्हणणं एवढंच, की देणगीला परीक्षा करू नका. काटा हा शेजाऱ्याला मोजायचा फूटपट्टीचा तुकडा नव्हे.

नव्या कीर्तनकार मंडळींना हात जोडून दोन गोष्टी सांगतो. पहिली, डोळ्यांत पाणी आलं नाही तर अमुक, असं वाक्य कीर्तनातून काढून टाका. तुमच्या समोर शंभर माणसं बसली असली तर त्यात तीन-चार जण असे असतील, की ते सगळं मनापासून करतात आणि त्यांना आत काही होत नाही. ते घरी जाऊन स्वतःलाच दोष देत असतील. ते तुमच्याकडं येऊन विचारणार नाहीत. दादा आले, कारण दादा धीट होते. दुसरी गोष्ट, टाळ्या आणि रडणं मोजून कीर्तनाची किंमत करू नका. हल्ली सिनेमाच्या चाली लावून, मोठमोठे कर्णे लावून काटा आणायची चढाओढ लागली आहे. काटा येईल. काट्याला काय, तो मांजरालाही येतो. कीर्तन संपल्यावर माणूस शेजाऱ्याशी कसा वागतो तिथं आपला हिशेब आहे.

दादांचे चिरंजीव आणि सूनबाई समोर बसलेल्या आहेत. काल आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो. हे भाषण करू का म्हणून विचारलं. चिरंजीव म्हणाले, "करा. फक्त आमच्या म्हाताऱ्याला साधू करू नका, त्यांना आवडलं नसतं." म्हणून साधू केलं नाही. जे बघितलं तेवढंच सांगितलं. आम्ही दादांची माफी त्यांच्या हयातीत मागायला पाहिजे होती. आठ-नऊ वर्षं ते मंडपाबाहेर वीस पावलांवर होते. तेवढी पावलं आमच्यानं चालवली नाहीत, आणि आळंदीपासून पंढरपूरपर्यंत मात्र आम्ही दरवर्षी चालत होतो. आज या मंडपात, दिंडीच्या शंभराव्या वर्षी, सगळ्यांच्या समक्ष दादांची माफी मागतो. आम्ही तुम्हाला दगड म्हणालो. ते चुकीचं होतं. तुम्ही विचारलं होतं, मी चालू का नको चालू. त्याचं उत्तर आज देतो. दादा, तुम्हीच चालत होता.

उद्या काला आहे. काल्याची लाही आणि दही वाटायला कुणी उभं राहायचं ते चालक सांगतील. आमची एक विनंती आहे. टाळ धरणाऱ्यांत जे कोणी शांत बसतात, ज्यांचा चेहरा हलत नाही, त्यांना मागं बसवू नका. पुढं घ्या. ठेका त्यांचाच पक्का असतो.

बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पदरात घ्या. इथंच सेवा थांबवतो.

पुंडलिक वरदा हरी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!